जिजीने बोलावलं होतं

दुपारचे तीन वाजलेत आणि मी चटईवर आडवी होतेय. वर्षभरात पहिल्यांदा. दुपारी झोपायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. डोळे मिटायला लागले की उठायचं, भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. पण आज अंगात कसर आहे. सकाळपासून शेजारची, जिजीची बंद खोली साफ करत होते. उद्या जिजीचं वर्षश्राद्ध, आणि तिची मुलगी कुमुद नाशिकहून येणार आहे. जाळी काढली, फरशी पुसली. एका हाताने फरशी पुसता येते, फडकं पिळता येत नाही. ते नळाला वेढा घालून पिळावं लागतं, आणि दर वेळी उठून नळापर्यंत जावं लागतं.

काल कुमुदचा फोन आला होता. "द्वारकाताई, तुमच्यासाठी साडी घेतलीय. नाही म्हणू नका. तुम्ही होतात म्हणून आई शेवटच्या वेळी एकटी नव्हती."

तिने फोन ठेवल्यावरही तो तसाच कानाला धरून उभी राहिले.

भिंतीकडे पाठ करून मी डाव्या कुशीवर वळते. उजव्या कुशीवर मला झोपता येत नाही. उजवा हात कोपराच्या वर जिथे संपतो, तिथे एवढ्या वर्षांनीही ठणकतं. डावा हात गालाखाली घेते. पाचच मिनिटं, असं स्वतःशी म्हणते, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावते.

रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक जाते. ती लांब लांब जाते, पण संपत नाही, दोऱ्यासारखी बारीक होत राहते. मिटलेल्या पापण्यांच्या आतला लाल उजेड हळूहळू राखाडी होतो.

टक. टक. टक.

भिंतीवर कुणीतरी बोटांच्या पेरांनी ठोकतंय.

मी उठून बसते आणि भिंतीकडे बघते, तर भिंत नाही. ती होती तिथे फरशीवर चुन्याची एक रेघ आहे. रेघेच्या पलीकडे जिजीची खाट, आणि खाटेवर जिजी उताणी पडलीय, छताकडे बघत. तिचा डावा हात बाजूला येतो आणि हवेतच ठोकतो. हवेवर ठोकल्याचा आवाज विटांवर ठोकल्यासारखा येतो.

मला पहिल्यांदा वाटतं ते हे, की हे स्वप्न नाही. कारण स्वप्नात मला नेहमी दोन हात असतात. स्वप्नात मी पोळ्या लाटते, टाळ्या वाजवते, विहिरीतून पोहरा ओढते. आज उजवी बाही रिकामी आहे आणि वाऱ्याने हलतेय.

"आले गं जिजी," मी म्हणते.

"आलीस?" ती छताकडे बघतच विचारते. "पाणी दे."

मी माठाकडे वळते. माझा माठ कोपऱ्यात, दाराच्या मागे असतो. मी दार ओढते, तर दाराच्या मागे जिनिंगचं आवार आहे.

सगळीकडे कापूस. डोंगरासारखे ढीग, उन्हात डोळे दिपवणारे. आवारात माणूस नाही. शेडमध्ये मात्र यंत्र चालू आहे, रिकामंच, आणि त्याचा तो खालच्या पट्टीतला घोगरा आवाज माझ्या दातांत उतरतो. एकोणीस वर्षांपूर्वी मी इथे कामाला होते. एकोणतीस वर्षांची होते. रुळांमध्ये कापूस अडकला म्हणून मी तो ओढायला गेले, आणि कापसाबरोबर बाही आत गेली. पुढचं मला आठवत नाही. नंतर बायकांनी सांगितलं की माझ्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे कितीतरी दिवस सरकीत सापडत होते.

"तिकडे बघू नकोस," जिजीचा आवाज येतो. तिची खाट कापसाच्या ढिगांमध्ये उभी आहे, जणू ती पहिल्यापासून तिथेच होती. "पाणी बघ."

आवारात हातपंप आहे. मी हातात आलेला तांब्या खाली ठेवते आणि दांडा दाबते. पंप घशातून खाकरतो आणि त्याच्या तोंडातून कापूस बाहेर येतो. ओला, लांब, न तुटणारा. मी दाबत राहते. तांब्या कापसाने भरतो.

"जिजी, पाणी नाहीये इथे."

"मग तू इथे कशाला आलीस?"

मी मागे वळते, आणि मागे माझीच खोली आहे. पण ती आजची नाही. भिंतीला तो जुना निळा रंग आहे, आणि कोपऱ्यात गोधडीवर एक बाई पडलीय. तिचे केस एकमेकांत गुंतून त्यांचा एकच गठ्ठा झालाय. तिच्या अंगाला वास येतोय, मला इथपर्यंत येतोय. तिच्या उशाशी सकाळी कुणीतरी आणून ठेवलेलं ताट तसंच आहे आणि त्यावर माश्या बसल्यात. ती मी आहे.

सरकारी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तीन आठवड्यांत नवऱ्याने आपलं सामान नेलं. भांडण झालं नाही. तो म्हणाला, "माझ्याने बघवत नाही." आणि गेला. माहेरी भाऊ होता, त्याने निरोप पाठवला की बरी झालीस की ये. मरायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. पण आंघोळ सोडली, मग खाणं सोडलं, मग उठून दार उघडणंही सोडलं.

आता त्या निळ्या खोलीचं दार उघडतं आणि जिजी आत येते. चालत. साठीतली, खमकी, नऊवारीचा काष्टा घातलेली. तिच्या एका हातात खोबरेल तेलाची बाटली आहे आणि दुसऱ्या हातात लाकडी फणी. त्या दिवसापर्यंत आमची फारशी ओळख नव्हती. शेजारच्या भिरूड आजी, एवढंच. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला.

ती गोधडीपाशी येते आणि म्हणते, "डोकं दे इकडे."

गोधडीवरची मी म्हणते, "मला एकटीला राहू द्या."

"राहा की एकटी. मी केसांसाठी आलेय."

आणि ती बसते. तो गठ्ठा सोडवायला तिला त्या दिवशी अडीच तास लागले होते. ती एकदाही अरेरे म्हणाली नाही. हाताकडे बघितलं नाही, आणि मुद्दाम बघायचं टाळलंही नाही. वेणी घालून झाल्यावर म्हणाली, "आता माझं एक काम कर. मला सुईत दोरा ओवता येत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सुई मी धरते, तू ओव."

मला चीड आली होती. एका हाताच्या बाईला दोरा ओवायला सांगते! पण तिने सुई समोर धरली, आणि मी डाव्या हाताने, सव्वीस-सत्तावीस वेळा चुकून, दोरा ओवला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फणी घेऊन आली. तिसऱ्या दिवशीही. सोळा वर्षं रोज सकाळी जिजीने माझी वेणी घातली, आणि रोज तिने माझ्याकडून काही ना काही करून घेतलं. निवडणं, वाचून दाखवणं, बँकेत बरोबर येणं. हात गेल्यापासून लोक माझ्यासाठी दार उघडायचे, माझ्या हातातली पिशवी घ्यायचे. माझ्याकडे कुणी काही मागायचं नाही. जिजी मागायची.

निळ्या खोलीतली जिजी फणी थांबवते. ती मान वर करून थेट माझ्याकडे बघते, दारात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"तू का उभी अजून? पाणी आणायला गेली होतीस ना?"

"आणते, जिजी."

"केव्हा?"

मी पळते. बाहेर आमची ओळ आहे, दोन-दोन खोल्यांची घरं, सगळ्यांची दारं उघडी आणि आत कुणी नाही. प्रत्येक घराच्या भिंतीतून तेच ऐकू येतंय. टक, टक, टक. मी एका घरात शिरते, तर आतल्या खाटेवर जिजी. दुसऱ्यात शिरते, तिथेही जिजी. आता तिचं तोंड डावीकडे ओढलंय, उजवा हात छातीवर मुडपलेला आहे. म्हणजे हे अर्धांगवायूनंतरचं.

तिला झटका आला तेव्हा कुमुद म्हणाली, मी नाशिकला नेते. जिजीने मान हलवली. नाही. कुमुदने बाई ठेवली, ती आठ दिवस टिकली. मग मीच म्हटलं, मी आहे. कुमुदने माझ्या रिकाम्या बाहीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. बोलली काही नाही, पण मला कळलं.

चौदा महिने मी जिजीचं केलं. उजवी बाजू लुळी पडलेल्या बाईला एका हाताने कुशीवर कसं वळवायचं हे मी स्वतः शोधून काढलं. तिच्याखाली दुहेरी चादर घालायची, चादरीचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं हाताने ओढायचं आणि गुडघ्याने पाठीशी उशी सरकवायची. पहिल्यांदा आम्ही दोघी खाटेवरून खाली आलो होतो. खाली पडल्या पडल्या जिजी वाकड्या तोंडाने हसायला लागली, आणि मग मीही. तिचा डावा हात चालायचा, माझा डावाच होता. दोघींत मिळून दोन हात, दोन्ही डावे. त्यांनी आम्ही शेंगा सोलायचो. त्यांनी माझी वेणीसुद्धा घालायचो, दोन पेड ती धरायची, तिसरा मी फिरवायची. ती वेणी बघून ओळीतल्या बायका हसायच्या.

त्याच बायका नंतर मला बोलवायला यायला लागल्या. कुणाचा सासरा पडून होता, कुणाची आई. चादरीचं ते आम्हाला दाखव, म्हणायच्या. मी जायची. कुणी दाराशी येऊन "द्वारकाबाई आहे का?" असं विचारायचं, तेव्हा मला आत काय व्हायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

जिजी गेल्यावर मी ते बंद केलं. कुणीही आलं तरी, मला जमणार नाही, म्हणून परत पाठवलं. वेणीचे केसही कापून टाकले.

मी पुन्हा आमच्या खोल्यांमध्ये आलेय. चुन्याची रेघ, रेघेपलीकडे खाट. माझ्या हातात तांब्या आहे आणि त्यात पाणी आहे, काठोकाठ, स्वच्छ. कुठून आलं मला माहीत नाही. मी रेघ ओलांडते. पलीकडची फरशी थंड आहे, पावसाळ्यात बंद राहिलेल्या घरासारखी. जिजीच्या अंगावर तेच जांभळ्या बारीक फुलांचं पातळ आहे, जे त्या दिवशी होतं.

"घे जिजी. पाणी."

ती पाण्याकडे बघते, मग माझ्याकडे. तिचं तोंड आता सरळ आहे.

"आता तहान नाही," ती म्हणते.

मी तांब्या खाली ठेवते. वर्षभर जे कुणाला बोलले नाही, ते आता बोलते. "जिजी, त्या दुपारी तू ठोकलं होतंस."

"हो."

"मी ऐकलं होतं."

"मला माहीत आहे. तुझी कूस वळल्याचा आवाज आला."

त्या दिवशी मी पहाटेपासून उठलेली होते. जिजीला जुलाब होत होते, चार वेळा चादरी बदलल्या होत्या, धुतल्या होत्या, नळाला पिळल्या होत्या. तीन वाजता तिला डोळा लागला म्हणून मी माझ्या खोलीत येऊन पडले. पडते न पडते तोच भिंतीवर टकटक झाली. मी म्हटलं, मोठ्याने नाही, नुसतं ओठांत, "पाच मिनिटं, जिजी." आणि डोळे मिटले. जागी झाले तेव्हा खोलीत ऊन नव्हतं. मी गेले तेव्हा तिचा डावा हात भिंतीला टेकलेला होता आणि गार पडला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या असतील. मी मान हलवली. कुमुदला तेच सांगितलं.

"मी तीन टकटकी ऐकल्या," मी म्हणते. "मी उठणार होते, पण..."

"तीन नाही," जिजी म्हणते. आवाज शांत आहे, त्यात राग नाही. "तीन झाल्या. मग मी थांबले. मग पुन्हा तीन."

मी खाली बघते.

"त्याही ऐकल्यास ना?"

हे मी स्वतःलाही कधी सांगितलेलं नाही. वर्षभर मी स्वतःशी एकच गोष्ट बोलत आले, की एकदाच ठोकलं आणि मला झोप लागली. पण दुसऱ्यांदा ठोकलं तेव्हा मी जागी होते. पूर्ण जागी. छताकडे बघत होते. आणि माझ्या मनात आलं होतं, किती बोलावते ही बाई.

"ऐकल्या," मी म्हणते.

कुठेतरी यंत्राची घरघर सुरू आहे, आणि मग ती थांबते. मला वाटतं जिजी आता विरून जाईल आणि मला या थंड फरशीवर एकटीला ठेवून जाईल.

"काय हवं होतं तुला?" मी विचारते. "एवढंच सांग. पाणी हवं होतं? दुखत होतं? घाबरली होतीस?"

ती कपाळाला आठ्या घालते. खरंच आठवून बघते. बघते, आणि मग अगदी नेहमीच्या आवाजात, डाळीत मीठ घातलं की नाही ते आठवत नसावं तशी, म्हणते, "आठवत नाही गं."

"असं कसं आठवत नाही?"

"नाही आठवत. तहान असेल. कुशीवर वळायचं असेल. नाहीतर तू आहेस का, एवढंच बघायचं असेल." ती माझ्याकडे बघते. "वाट बघितली मी. खोटं कशाला सांगू. बराच वेळ बघितली."

मी रडते. स्वप्नात रडताना मला नेहमी आवाज नसतो, आज आहे, आणि तो फार मोठा आहे. जिजी मला गप्प करत नाही. रडू देते.

मग ती विचारते, "भागाबाईची सून आली होती ना तुझ्याकडे? चार दिवसांपूर्वी?"

खरं आहे. ओळीच्या टोकाला राहणारी भागाबाई घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. तिच्या सुनेला तिला वळवता येत नाही, पाठीला जखमा व्हायला लागल्यात. मी तिला दारातूनच नाही म्हटलं होतं.

"आली होती," मी म्हणते.

"मग का गेली नाहीस?"

"माझा काय भरवसा, जिजी? तू हाक मारलीस आणि मी पडून राहिले."

"सोळा वर्षं मी सकाळी तुझ्याकडे यायचे," ती म्हणते. "तुला वाटायचं, म्हातारी माझ्यासाठी येते. कुमुद सासरी गेली आणि माझ्या हातांना काही राहिलं नाही. सकाळी उठायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. तुझं डोकं नसतं ना द्वारके, तर मी कुठल्या दिवशी उठलेच नसते. आणि काही सकाळी मला तुझा कंटाळा यायचा. फणी घ्यायचे आणि म्हणायचे, मरो ती पोर, आज नाही जात."

"मग?"

"मग काय. कधी जायचे, कधी नाही. दोन-तीनदा खरंच आले नाही, तुला आठवतं? अंग दुखतंय म्हणून सांगितलं होतं. अंग दुखत नव्हतं."

मला ते आठवत नाही. मला फक्त ती आलेली आठवते.

"हात आण इकडे," जिजी म्हणते.

मला वाटतं ती हात धरणार. मी पुढे करते. ती तो उलटा करते, पालथा करते आणि तोंड वाकडं करते.

"नखं बघ केवढी. कोण कापतं?"

"कोण कापणार? ज्या हाताची कापायची, तोच हात एक आहे. ओट्याच्या कडेला घासते."

"अशाने सोलवटेल कुणाची तरी पाठ."

तिचा उजवा हात उलगडतो. छातीवर चौदा महिने मुडपून पडलेला तो हात बोट-बोट करून उघडतो, आणि त्यात अर्धं ब्लेड आहे. ती करंगळीपासून सुरुवात करते. तिची बोटं बर्फासारखी गार आहेत, पण पकड घट्ट आहे. करकर असा बारीक आवाज येतो. कापलेली नखं ती पदराच्या टोकात घेते, घरात सांडू नयेत म्हणून. करंगळी, अनामिका, मधलं बोट. तिचं डोकं माझ्या हातावर इतकं वाकलंय की तिच्या केसांतला तेलाचा वास मला येतो. त्या वासाखाली दुसराही एक वास आहे, ओल्या मातीचा.

"जिजी, तू परत येशील?"

"हलू नकोस. लागेल."

तर्जनी होते. ती अंगठा धरते. बाहेर भंगारवाल्याची हाक पुन्हा जवळ येते, जाड होते, आणि जिजी मान वर करून तिकडे कान देते, जणू तिलाच कुणी बोलावलंय.

"थांब," मी म्हणते. "जिजी, थांब..."

भंगारवाला माझ्या दारावरून जातोय. पापण्यांच्या आत लाल उजेड आहे. माझी मान अवघडलीय आणि उशी ओली आहे. भिंत जागेवर आहे. मी वळून तिच्यावर हात टेकवते आणि तशीच बसून राहते. पलीकडून काही येत नाही.

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झालीत.

मग मी हात खाली घेते आणि तो माझ्या नजरेस पडतो. करंगळीचं नख कापलेलं आहे. त्याच्या शेजारचं. त्याच्या शेजारचं. तर्जनीचंही. बोटाबरोबर, सारखी, काठाला जराही खरखर नाही. अंगठ्याचं नख तेवढं लांब आहे. मी चटई झटकते, उशी उलटी करते, फरशीवर हात फिरवून बघते. एकही तुकडा सापडत नाही.

चार बोटं मी पुन्हा पुन्हा गालावर घासून बघते. मग तोंड धुते, चप्पल घालते आणि ओळीच्या टोकाला भागाबाईकडे जाते. तिची सून दार उघडते. चार दिवसांपूर्वी मी नाही म्हटलं होतं, तरी ती बाजूला होते.

"दुहेरी चादर आहे का?" मी विचारते.

भागाबाईला वळवताना ती कण्हते आणि मला शिव्या घालते. तिच्या पाठीवर दोन जखमा आहेत, मी त्या पुसते. कापलेल्या नखांची बोटं तिच्या कातडीवरून फिरतात आणि कुठे लागत नाहीत. निघताना भागाबाई विचारते, "उद्या येशील?"

"येईन," मी म्हणते. मग थांबून म्हणते, "एखाद्या दिवशी नाही आले, तर सुनेला पाठवा मला उठवायला."

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं सगळं आटोपल्यावर कुमुद आणि मी जिजीच्या खोलीत बसतो. ती पिशवीतून साडी काढते. मी ती घेत नाही.

"आधी ऐका," मी म्हणते, आणि सांगते. पहिल्या तीन, दुसऱ्या तीन. छताकडे बघत पडलेली मी, आणि मनात काय आलं होतं तेही. कुमुदचा चेहरा हळूहळू बंद होतो, जिजीचा व्हायचा तसाच.

"मला हे सांगायची गरज नव्हती," ती म्हणते.

"होती."

ती उठते, खिडकीशी जाऊन उभी राहते, पाठमोरी. खांदे हलताहेत की नाही ते मला कळत नाही. मग ती न वळता विचारते, "तिने वाट बघितली असेल का हो?"

"बघितली. बराच वेळ."

"तुम्हाला काय माहीत?" आता ती वळते, आणि आवाजात धार आहे. "तुम्ही तर झोपला होतात."

कालच्या दुपारचं कसं सांगायचं ते मला सुचत नाही. मी सांगते ते तुटक तुटक, मागचं पुढे होऊन. खाट, कापूस, पाणी, ब्लेड. सांगून झाल्यावर मी डावा हात तिच्यासमोर धरते. ती विश्वास ठेवत नाही, हे मला दिसतं. ती रागावलेली आहे, हेही दिसतं. पण ती जवळ येते, खाली बसते आणि माझी बोटं एकेक करून बघते. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, तर्जनी. माझ्या रिकाम्या बाहीकडे बघते. पुन्हा बोटांकडे.

फार वेळ ती माझा हात तसाच धरून बसते.

"अंगठ्याचं राहिलंय," ती म्हणते, आणि पर्समध्ये नेलकटर शोधायला लागते.